सोलापूरच्या उन्हात बासरी शिकायची तर

गड्ड्याच्या जत्रेत साठ रुपयाला घेतलेली रंगीत बासरी मी जानेवारीपासून जूनपर्यंत फुंकत बसलो होतो, हे आधीच कबूल करतो. 'सा' काही केल्या पेटीशी जुळेना, मला वाटायचं आपल्यालाच सूर नाही. मग एका सरांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली, दोन सूर काढले, गप खिडकीत ठेवून दिली आणि म्हणाले, "जत्रेत पोरांना फुगा घेतात तशी घेतलीयस की बे ही. वाजवायची वेगळी असती." चूक माझीच, मी खेळणं घेऊन त्याच्याकडून राग मागत होतो. तुमचे तरी सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

मी कलाकार वगैरे नाही. पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि सकाळ-संध्याकाळ वाजवतो, सातवं वर्ष चालूय. जाणकारांनी सोडून द्यावं, हे अगदी कोऱ्या माणसासाठी आहे.

पायरी १ : कुठली घ्यायची

आपण यूट्यूबवर बघतो ती लांबलचक, खर्जातली, अंगावर काटा आणणारी बासरी बहुतेक वेळा ई स्केलची असते, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन, लांबी साधारण ३० इंच. सगळ्यांना पहिल्याच दिवशी तीच पाहिजे असते. नका घेऊ. तिची भोकं मोठी आणि लांब-लांब असतात, बोटं पुरत नाहीत, एक बोट जरी केसभर हललं तरी हवा सुटते आणि आवाजच येत नाही, मग माणूस आठ दिवसात ती कपाटावर टाकतो. दुसऱ्या टोकाची, म्हणजे वीतभर लांबीची, ती पण नको, तिचा आवाज कर्कश असतो आणि घरचे लोक वैतागतात.

मधली घ्या. जी किंवा ए, म्हणजे पांढरी पाच किंवा सहा. जी ची साधारण २४-२५ इंच भरते. बोटं आरामात बसतात आणि खालचे सूर पण बऱ्यापैकी भरीव लागतात. घेताना कोणीतरी वाजवणारा सोबत न्या, मिठाईवाल्याकडचा अर्धा किलो पेढा देऊन का होईना न्याच, कारण नवशिक्याला दुकानात काही कळत नाही. त्याला एकच गोष्ट करायला सांगा, सहाही भोकं बंद करून आधी हळू फुंकून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, 'प' काढायचा, मग तशीच बोटं ठेवून फुंकर बारीक आणि जोरात करून मधला 'प' काढायचा. दोन्ही 'प' मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये सारखे बसले पाहिजेत. एक बरोबर आणि दुसरा उतरलेला किंवा चढलेला असेल तर ती बासरी कितीही स्वस्त असू द्या, परत ठेवा. नंतर बासरी उजेडाकडे धरून खालच्या टोकातून आत बघायचं, बारीक चीर असली तर उजेडाची रेघ दिसते.

आणि वरच्या टोकाला आत जे बूच बसवलेलं असतं त्याला हात लावू नका. लावू नका म्हणजे लावूच नका. माझ्या एका मित्राने साफ करायच्या नादात ते काडीने आत ढकललं, तेव्हापासून त्याचं खालचं सप्तक एकीकडे आणि वरचं दुसरीकडे. ते बूच फुंकायच्या भोकापासून नेमक्या अंतरावर बसवलेलं असतं आणि दोन सप्तकांचा मेळ त्याच्यावर असतो.

पायरी २ : फुंकर

पहिले तीन-चार दिवस बोटं लावूच नका. सगळी भोकं उघडी ठेवा, फक्त फुंका. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून आवाज काढतो ना आपण, तसंच. भोकाच्या आत फुंकायचं नसतं, खालचा ओठ भोकाच्या कडेला टेकवून समोरच्या कडेवर हवा आपटायची असते, तिथे ती दुभागते आणि नळीतली हवा थरथरायला लागते, आवाज तिथून येतो. बांबू काही वाजत नाही, त्याच्यातली हवा वाजते.

चक्कर येईल. सगळ्यांना येते. आली की खाली ठेवा, पाणी प्या, पाच मिनिटं थांबा. जोर लावून काही उपयोग नाही. मी पहिल्यांदा सरांसमोर फुंकलो तेव्हा गाल फुगवून, मान ताठ करून, अगदी जीव खाऊन, आणि ते शांतपणे म्हणाले, "सायकलमध्ये हवा भरतोयस का? गरम चहाच्या बशीवर फुंकतो तेवढीच पाहिजे." हे चहाच्या बशीचं गणित मी आजही धरून आहे. बशीतला चहा सांडला नाही पाहिजे पण साय हलली पाहिजे.

ओठ बघायला आरसा घ्या. हवा ओठांच्या मधोमध बारीक फटीतून निघते का एका कोपऱ्यातून, हे आरशाशिवाय कळत नाही. माझी डावीकडून निघायची, ते सरळ व्हायला दोन महिने गेले.

पायरी ३ : बोटं

डाव्या हाताची तीन बोटं वरच्या तीन भोकांवर, उजव्या हाताची तीन खालच्या तीनवर. वरची तीन बंद, खालची तीन उघडी, हा झाला 'सा'. तिसरं उघडलं की 'रे', दुसरं उघडलं की 'ग'. 'सा' पासून खाली उतरायचं तर एकेक बोट ठेवत जायचं, चार बंद 'नी', पाच बंद 'ध', सहा बंद मंद्र 'प'. मोठ्या बासरीवर टोकाने नाही तर बोटाच्या चपट्या भागाने भोक झाकायचं, लहानवर टोक चालून जातं.

आता इथे एक गंमत आहे जी कोणी आधी सांगत नाही. सगळी भोकं उघडी ठेवली तर 'म' येतो पण तो तीव्र, म्हणजे चढा. साधा शुद्ध 'म' पाहिजे असेल तर पहिलं भोक अर्धं झाकावं लागतं, आणि अर्धं म्हणजे किती हे कानानेच ठरतं. म्हणून 'सारेगमपधनी' ने सुरुवात केली की नवा माणूस चौथ्याच पायरीवर पडतो आणि सगळी चूक स्वतःवर घेतो. त्यापेक्षा भूप राग घ्या. भूपात 'म' नाही, 'नी' नाही. सा रे ग प ध, बस्स.

पण भूपातही एक खड्डा आहे, 'ग' वरून 'प' वर जाताना. 'ग' ला एकच बोट खाली असतं आणि मधल्या 'प' ला सहाच्या सहा, आणि त्याच क्षणी फुंकर पण बदलायची असते, खालच्या सप्तकाची ढिली फुंकर सोडून वरची बारीक. पाच बोटं एकदम पडायला पाहिजेत, एक मागं राहिलं की मध्ये 'टुर्र' असा आवाज येतो, कोंबडीसारखा. ही एवढी एक उडी मला आठ आठवडे पुरली. करायचं काय तर आधी बासरी तोंडाला न लावता नुसती बोटं टाकायची, एक आणि सहा, एक आणि सहा, टीव्ही बघत बघत. पाचही बोटं एकदम 'टप्' अशी पडतात का ते ऐकायचं. मग फुंकरीची बाजू वेगळी, सहा बंद ठेवून खालचा 'प' आणि मधला 'प' यांच्यामध्ये नुसत्या ओठांनी ये-जा. दोन्ही सुटं सुटं जमलं की मग एकत्र करायचं. एकदम करायला गेलात तर महिना वाया.

पायरी ४ : तंबोरा लावूनच वाजवा

मोबाईलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप घ्या, फुकटातली पण चांगली आहेत. तंबोरा नसताना वाजवलेलं मी धरतच नाही. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू असते, त्यामुळे मला इयरफोन लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, एका कानात तंबोरा आणि एक कान बासरीला मोकळा. जमतं तसं.

आता सोलापूरची खास अडचण. बासरीचा सूर हवेच्या उष्णतेने चढतो. गरम हवेत आवाज जोरात पळतो, २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर आणि ४० अंशाला ३५५ च्या आसपास, आणि नळी तर तेवढीच राहते, मग सूर वर जाणारच. हिशेब केला तर पेटीच्या शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमध्ये जे अंतर असतं त्याच्या निम्म्याहून जरा जास्त होतो फरक. आपल्या फुंकरीची ऊब नळीत आधीच असते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी जाणवतो, पण जाणवतो. इथे एप्रिल-मे मध्ये पारा सर्रास ४० च्या वर असतो. डिसेंबरात पहाटे जुळलेली बासरी मे महिन्यात दुपारी अ‍ॅपशी जुळत नाही म्हणून एका पोराने दुसरी विकत घेतली, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. अरे बाबा, अ‍ॅपमध्ये सूर थोडा वरखाली करायची सोय असते, तंबोरा बासरीला जुळवायचा! आधी पाच मिनिटं फुंकून बासरी गरम करा, मग तंबोरा लावा.

पायरी ५ : सांभाळ

याच्यावर जास्त लिहितो, कारण बासऱ्या वाजवून खराब होत नाहीत, ठेवून होतात.

बांबूला आपली कोरडी हवा सोसत नाही. बासरीचा बांबू बहुतेक आसामकडून येतो, ओल्या हवेतला. तो इथे मार्चनंतर आकसायला लागतो, आणि आतून आपल्या फुंकरीने ओला, बाहेरून कोरडा, असं झालं की तडकतो. माझी पहिली चांगली बासरी अशीच गेली. रियाज करून उठलो, तशीच ओली गाडीच्या डिकीत टाकली आणि दुपारी दीड वाजता पार्क चौकात एका कामाला गेलो. तासाभराने परत आलो, डिकी उघडली, वरून बघायला सगळं ठीक. संध्याकाळी फुंकली तर नुसती हवा. उजेडात धरली तर फुंकायच्या भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसासारखी रेघ. बोट फिरवलं तर नखाला लागत होती.

म्हणून वाजवून झालं की लगेच काडीला मऊ फडकं गुंडाळून आतून पुसायची. पंख्याखाली, कूलरसमोर, खिडकीत ठेवायची नाही. कूलर तर लैच वाईट, रात्रभर ओलं आणि सकाळी बंद केला की कोरडं. मी जुन्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवतो, तो टॉवेल ओल शोषतो आणि झळही लागू देत नाही, आणि आपल्याकडे टॉवेलला काय तोटा आहे.

तेल उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. कोणी मोहरीचं म्हणतं, कोणी बदामाचं, भांडत बसू नका, दोन्ही चालतं. आतून पातळ हात, तो रात्रभर जिरू द्यायचा, सकाळी पुसून मग वाजवायची. भोकांच्या कडांना थेंब साचू देऊ नका, नाहीतर आवाज दबका येतो. पावसाळ्यात तेल नको, तेव्हा बुरशीकडे लक्ष ठेवा.

चीर गेलीच तर लगेच फेकू नका. चीर बारीक असेल तर तिच्यात फेविक्विकचे थेंब सोडायचे, पटकन पुसायचं, मग दोन-तीन ठिकाणी नायलॉनचा धागा घट्ट, एकाला एक चिकटून, पाऊण इंच रुंदीचा गुंडाळायचा. नवीन बासरीवर रंगीत दोऱ्यांचे जे पट्टे असतात ते शोभेला नसतात, ती हीच तजवीज असते. माझी तडकलेली बासरी अशी बांधून अजून वाजते, भिगवणच्या भावाच्या पोराला दिलीय.

पायरी ६ : गुरू

यूट्यूबवर पहिले पंधरा दिवस ठीक आहेत. नंतर समोर बसून ऐकणारा माणूस पाहिजेच, कारण ओठाचा कोन आणि बोटांची गळती व्हिडिओत दिसत नाही. ऑनलाईन क्लासमध्ये नेटमुळे आवाज मागेपुढे होतो, गुरूंच्या बरोबर वाजवता येत नाही, आणि बासरी बरोबर वाजवूनच येते. चांगला गुरू ओळखायची माझी एक खूण आहे, तो तुम्हाला आधी गायला लावतो. 'ग' गळ्यातून लावता येत नसेल तर ओठातून कुठला येणार.

परीक्षा द्यायच्या का, हे सगळे विचारतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या असतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद. द्या की, शिस्त लागते. पण पहिल्या वर्षी नको. माझ्या बरोबरचे दोघं परीक्षेच्या दहा बंदिशी पाठ करायच्या मागे लागले आणि त्यांचा 'सा' अजून हलतो.

वेळ किती द्यायचा? सकाळी वीस मिनिटं नुसते खालचे लांब सूर, 'सा' पासून मंद्र 'प' पर्यंत, एका श्वासाला एक सूर. संध्याकाळी वीस मिनिटं भूप. एवढंच, पण रोज. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस असतो त्या दिवशी सकाळचा रियाज बुडतोच, ते मी मनाला लावून घेत नाही. काही जण सिद्धेश्वर तलावावर पहाटे वाजवायला जातात, छान वाटतं पण तिथे वारा असतो, आणि वारा फुंकर पळवतो. न्हाणीघरात वाजवू नका, तिथे सगळेच हरिप्रसाद वाटतात.

पायरी ७ : ऐका, पण नीट ऐका

हरिप्रसाद चौरसियांचं निघालंच आहे तर सांगतो. १९३८ चा जन्म, अलाहाबादचा, वडील पैलवान, पोराने आखाड्यात उतरावं ही इच्छा, आणि हे चोरून संगीत शिकले. आधी गाणं, मग पंडित भोलानाथ प्रसन्नांकडे बासरी. १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणीवर नोकरी. पुढे मुंबईत चांगलं नाव झालेलं असताना सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि तिथे नव्याने सुरुवात करायची म्हणून हाताची बाजूच बदलली, तेव्हापासून बासरी डावीकडे धरतात. म्हणजे बोटांना जे जे येत होतं ते सगळं पुसून परत पहिल्यापासून. मला एक 'ग'-'प' ची उडी आठ आठवडे लागली तेव्हा हे आठवून मी गप बसायचो.

आणि त्यांच्याही आधी पन्नालाल घोष, १९११ ते १९६०. आपण आज जी मोठी शास्त्रीय बासरी बघतो ती त्यांची देणगी. त्याआधी बासरी म्हणजे लोकसंगीतातलं वाद्य, बत्तीस इंची नळी घेऊन ख्यालासारखा संथ आलाप करता येईल हे त्यांनी करून दाखवलं. मंद्रात तीव्र मध्यमापर्यंत उतरता यावं म्हणून खाली सातवं भोकही पाडलं. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं खरखरतात, पण एक सूर किती वेळ धरून ठेवतात तेवढंच घड्याळ लावून ऐका.

प्रत्यक्ष ऐकायचं तर आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात काही असेल तेव्हा जा, नाहीतर डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. मागे बसू नका, बाजूला बसा, जिथून वाजवणाऱ्याचे ओठ आणि बोटं दिसतात.

आणि सोलापूरचे असून सुंदरी ऐकली नसेल तर आधी ती ऐका. सनईच्याच जातीची, पण तिच्यापेक्षा आखूड, आवाज बारीक आणि गोड. आपल्याच मातीतलं वाद्य आहे, सोलापूर-अक्कलकोटकडच्या जाधव घराण्याने वाढवलेलं, सिद्राम जाधव, भीमण्णा जाधव ही त्यातली नावं. 'सुंदरी' हे नाव अक्कलकोटच्या राजेसाहेबांनी दिलं असं सांगतात. कोणी विचारतं, मग बासरी सोडून सुंदरीच का शिकू नये? शिका की, पण सुंदरी-सनईला पत्ती असते, ओठात धरून वाजवायची, आणि फुंकर बासरीच्या कितीतरी पट नेटाची लागते. पत्ती ओली करा, सुकली तर बदला, बसली नाही तर घासा, निम्मा जीव त्यातच जातो. शिवाय शिकवणारे मोजके. घरात वाजवायचं तर शेजारच्या काकूंना आधी विचारून घ्या. आमच्या काकू बासरीला पहिलं वर्षभर काही बोलल्या नाहीत, नंतर एकदा जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "ते मध्येच कोंबडी ओरडायची ते बंद झालं का ओ तुमचं?"

राहिलं प्रवासाचं. बासरी एसटीत नाहीतर रेल्वेत नेताना पिशवीत नुसती ठेवू नका, कोणीतरी वर बॅग टाकतंच. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाईप घ्या, दोन्ही बाजूंना टोपणं बसवा, एका टोपणाला दोन बारीक भोकं पाडा म्हणजे आत वाफ धरत नाही. पाईप तीन फुटांचा घ्या, पुढे ई ची घेतली तरी मावते. मी हौसेने चार फुटांचा घेतला होता, आता त्यात घरातल्या छत्र्या असतात.